नालाच्या वरचं घोडं

घोडेस्वारी शिकवणाऱ्या त्या शाळेतले उस्ताद पेशाने नालबंद. चाळीस वर्षं त्यांनी घोड्यांचे खूर तासले, नाल ठोकले, आणि एवढ्या काळात 'मला माहीत नाही' हे वाक्य त्यांच्या तोंडून एकदाही बाहेर पडलं नाही. घोडा लंगडला, खुराचा दोष. घोडा खात नाही, खूर दुखतोय म्हणून. एकदा एका घोड्याला दिसेनासं झालं, तेव्हाही त्यांनी आधी त्याचे चारही पाय उचलून पाहिले होते. घोडं कुठं पेंड खातं, हे त्यांच्या लेखी कायमचं ठरलेलं होतं: खुराशी. त्याच्या वर जे काही असतं, ते देवाने स्वाराला बसायची सोय म्हणून केलेलं.

मालकांचा त्यांच्यावर आंधळा विश्वास. मालकांना स्वतःला घोड्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, आणि ज्याला कळत नाही त्याला ठासून बोलणारा माणूस फार आवडतो. डॉक्टर बोलवायचा की नाही, औषध द्यायचं की नाही, सगळं उस्ताद म्हणतील तसं.

तर या शाळेची तांबडी घोडी, अडथळ्यांवरून उड्या मारण्यात सगळ्यांत पटाईत, एका सकाळी मागच्या डाव्या पायाने ठेचकाळली. उस्तादांनी तो पाय मांडीवर घेतला. नाल टोकाशी झिजून पत्र्यासारखा झाला होता. लोखंड हलकं निघालं, असा निकाल देऊन त्यांनी नवा ठोकला. आठवड्यात तोही तसाच झिजला. मग लोखंड बदललं. मग खिळे बदलले. मग त्यांनी मैदानातली वाळू बदलायला लावली, कारण नाचता येईना की अंगण वाकडं असतंच.

उस्तादांची भाची जनावरांची डॉक्टर होती. शिकताना ती त्यांच्याच घरी राहिली होती आणि रोज जेवणावर खुरांचं व्याख्यान ऐकून खूर सोडून बाकी सगळं मन लावून शिकली. दुसऱ्या एका घोड्याला लस टोचायला ती शाळेत आली आणि तांबडीला वळताना पाहून थबकली. घोडीचे मागचे पाय दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे पडत होते. तिने मामाला बाजूला घेऊन समजावलं. हा पायाचा आजारच नाही. शेजारच्या गोठ्यातल्या गुरांच्या पोटात दोऱ्यासारखे किडे असतात. गुरांना त्यांचं काही वाटत नाही, पण त्यांची पिल्लं डासांमार्फत घोड्याच्या अंगात गेली की वाट चुकतात आणि कधीकधी पाठीच्या कण्यात शिरून पाय चालवणारा आतला मज्जारज्जू पोखरतात. क्वचितच होतं, पण होतं. आज औषध सुरू केलं तर घोडी हाती लागेल.

"पाठीत किडा लागायला घोडी काय लाकडाची आहे?" उस्ताद म्हणाले.

हे त्यांनी मालकांना आणि घोडे सांभाळणाऱ्या दोघा मोतद्दारांना नीट ऐकू जाईल अशा बेताने म्हटलं. सगळे हसले. औषध राहिलं. तरीही भाची रोज फोन करायची. उस्तादांनी दोन दिवस उचलला, तिसऱ्या दिवसापासून फोनकडे बघायचंच सोडून दिलं.

दहाव्या दिवशी ते पाचवा नाल ठोकायला बसले. डावा पाय उचलला तशी तांबडी उजव्यावर उभीच राहू शकली नाही. सगळी त्यांच्या अंगावर कलली. मागे भिंत होती म्हणून दोघं वाचले. उजवा खूर उस्तादांनी परवाच तासला होता आणि त्यात खोट काढायला जागा नव्हती. तिच्या आयुष्यातला पहिला नालही त्यांनीच ठोकला होता. भिंतीला चिकटून, तिचं वजन छातीवर पेलत ते उभे राहिले आणि मनापासून घाबरले.

ते तडक मालकांकडे गेले. माझं चुकलं, भाचीला बोलवा, म्हणाले. मालक कौतुकाने हसले. भाचीचं मन राखायला इतका कमीपणा घेऊ नका, तुम्ही आपलं चांगलं लोखंड मागवा, असा उलट सल्ला त्यांनी दिला. उस्तादांनी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. चाळीस वर्षांच्या थापा बिनतक्रार पचवलेल्या मालकांना ही एक खरी गोष्ट काही केल्या पचेना.

शेवटी उस्तादांनी त्यांना दंडाला धरून मैदानावर आणलं. मोतद्दाराला तांबडीला चालवायला सांगितलं, मागून जाऊन तिची शेपटी धरली आणि जराशी बाजूला ओढली. धडधाकट घोड्याला अशा ओढीचं काही वाटत नाही. तांबडीचे मागचे पाय एकमेकांत अडकले आणि ती सगळ्यांसमोर वाळूत बसली, ती उठेचना.

"शेपटीला नाल नसतो, मालक," उस्ताद म्हणाले. "मला यातलं काही कळत नाही. फोन लावा."

भाची अर्ध्या तासात आली. इंजेक्शनं झाली, औषधं झाली, आणि चौथ्या दिवशी तांबडी आपल्या पायांवर उभी राहिली. मालकांचा आंधळा विश्वास उस्तादांकडून उठून भाचीवर जाऊन बसला. परवा तर त्यांनी तिला कुंपणाला कोणता रंग द्यावा तेही विचारलं.

आता दोन महिन्यांनी तांबडी चालते, चरते. वळताना अजून झोकांडी जाते. तिच्या पाठीवर कुणी बसायचं नाही, त्यामुळे नालांची गरज उरली नाही. उस्तादांनी स्वतःच ते काढले. रोज काम संपलं की ते तिला मैदानाच्या कडेकडेने फिरवतात.

भाची एकदा तिला तपासायला आली होती. उस्तादांनी हवापाण्याची चौकशी करावी तशा आवाजात विचारलं, "तू सांगितलंस त्याच दिवशी औषध दिलं असतं तर?"

खोटं बोलणं तिला सोपं होतं. मामाच्या घरी राहून तेवढं तर कुणीही शिकलं असतं. ती घोडीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"उड्या मारल्या असत्या, मामा."

उस्तादांनी दोर हातात घेतला आणि तांबडीला हळूहळू, तिला जमेल तसं, वळवून घेतलं.