पट्ट्याच्या वहीतले होय

"सांधा अजून बाहेरच आहे," डॉक्टरीण म्हणाली.

तिने नातीच्या डाव्या खुब्यावर सोनोग्राफीचं यंत्र धरलं होतं. नात रडून लाल झाली होती. सून उठून उभी राहिली. "असं कसं होईल? एक दिवस पट्टा काढला नाही आम्ही. वही बघा ना."

तिने माझ्या पिशवीतून वही काढून टेबलावर ठेवली. पाच आठवड्यांची पानं. प्रत्येक दिवसाला एक चौकट, तिच्यात छापलेलं, 'पट्टा दिवसभर होता का?' आणि पुढे माझ्या हाताने लिहिलेलं, 'होय'. डॉक्टरणीने एकेक पान उलटलं.

"इतकी नीट वही दुसऱ्या कोणी ठेवलेली नाही," ती म्हणाली.

त्यातले बहुतेक होय खोटे होते.

नात पायाळू जन्मली. आमच्याकडे पायाळू माणसाने कमरेला पाय लावला की उसण उतरते असं मानतात. त्यामुळे घरी आणल्या दिवशीच शेजारीण कमरेवर हात ठेवून बघायला आली. म्हणाली, "गो, ह्या चेडवाक लवकर उभां कर. पयली लाथ माझ्या कमरेत." आम्ही सगळ्या हसलो.

पायाळू मुलांचा खुबा तपासून घ्यावा लागतो हे कोणाला ठाऊक होतं? सुनेला दवाखान्यात सांगितलं म्हणून दीड महिन्याची असताना तिला गोव्यातल्या मोठ्या हॉस्पिटलात नेली. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत बसत नव्हता. वेळेत बसला नाही तर मुलगी जन्मभर लंगडत चालणार, असं स्पष्ट सांगितलं. उपाय म्हणजे पट्टा. खांद्यांवरून छातीवर आणि तिथून दोन्ही पायांना. गुडघे वर दुमडलेले, मांड्या बाजूला फाकलेल्या. बेडूक उताणा टाकल्यासारखी दिसायची.

डॉक्टरीण म्हणाली की तिथे या पट्ट्याचा अभ्यास चाललाय. "काही डॉक्टर रोज तासभर पट्टा काढून आंघोळ घालू देतात, काही अजिबात देत नाहीत. कशाने जास्त बाळं बरी होतात ते आम्हाला नक्की माहीत नाही. म्हणून काही बाळांना असं, काहींना तसं देऊन बघतोय. कोणाला काय ते मी ठरवत नाही, चिठ्ठी काढतात तसं निघतं. तुम्ही नको म्हणालात तरी उपचार तोच मिळेल." सुनेने विचार करून सही केली. आमच्या वाट्याला 'अजिबात काढायचा नाही' आलं. तो सोडायचा फक्त डॉक्टरणीने, आठवड्यातून एकदा. रोजची नोंद करायला एक छापील वही दिली, ती भरायचं काम माझ्याकडे आलं.

मी चौथी शिकलेली आहे. सगळं ऐकलं आणि त्यातलं एकच वाक्य धरून ठेवलं: नक्की माहीत नाही. यांनाच माहीत नाही, तर मला काय शिकवणार?

मला माहीत होतं, असं मी समजत होते. वाडीतल्या पोरांना न्हाऊ घालायला मलाच बोलावत. पाटावर पाय लांब करून बसायचं, पोराला पायांवर घ्यायचं, कोमट खोबरेल जिरवायचं. मग पाय ओढून सरळ करायचे, टाचेला टाच लावायची, गुडघे दाबायचे. न्हाणं झालं की पाय जुळवून दुपट्ट्यात घट्ट बांधायचं. नाहीतर पाय फेंगडे राहतात. हे मला माझ्या सासूने शिकवलं, तिला तिच्या सासूने. माझ्या हातचं पोर दोन दोन तास झोपतं अशी माझी ख्याती होती.

पहिला आठवडा मी नियम पाळला. ओल्या फडक्याने अंग पुसलं. मांडीच्या घड्या लाल झाल्या, पोर रडू लागलं. तेवढ्यात ती शेजारीण आली आणि दारातूनच म्हणाली, "सगळ्या वाडीच्या पोरांक न्हाणवलंस, आणि आपल्या नातीक फडक्यान पुसतंस? बरां आसा!"

मला पोराच्या लाल घड्यांपेक्षा तेच जास्त लागलं. उगाच दुसरं कारण सांगत नाही.

माझा मुलगा बोटीवर नोकरीला असतो. सून बाजारात औषधांच्या दुकानात कामाला होती, रजा संपून परत जाऊ लागली होती. ती सकाळी गेली की मी पट्टा सोडायची. डॉक्टरणीने पट्टा कुठे बांधायचा त्याच्या शाईने खुणा केल्या होत्या. त्या खुणांवर मी परत बरोबर बांधायची, म्हणून कोणाला कळलं नाही. तेल, पाणी, पाय ओढणं, मग तासभर दुपट्टा. पोर गाढ झोपायचं. मग मी वही घेऊन होय लिहायची. अक्षर चांगलं यावं म्हणून सावकाश लिहायची.

आणि आता ती वही डॉक्टरणीच्या हातात होती. ती सुनेला सांगत होती, "पट्टा नियमाने वापरून उपयोग झाला नाही, असं धरू. आता भूल देऊन सांधा बसवायचा आणि प्लास्टर घालायचं." तिने पेन उघडलं.

"माका बोलूचां आसा," मी म्हटलं. "ती वही खोटी आसा."

सुनेने वळून बघितलं. "आये, काय बोलतात तुमी ह्यां?"

"पट्टो मी सोडत होतंय. तू कामाक गेल्यार."

"किती दिवस?"

"पयलो आठवडो सोडून बहुतेक रोज."

"आणि वहीत?"

"वहीत होयच लिवलां."

सुनेने नातीला उचलून खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "वाडी काय म्हणतली, ह्याची काळजी केलात. माझां चेडू चालतलां कसां, ह्याची नाय." ती ओरडली नाही. ओरडली असती तर मी उलट बोलले असते.

डॉक्टरणीने पेन बंद केलं. एका टॉवेलची वळकटी करून माझ्यासमोर ठेवली. "पाय कसे धरत होतात ते दाखवा." मी दाखवलं. टाचेला टाच, ओढणं, दाबणं. दाखवताना माझे हात नेहमीसारखेच चालले, त्याची मला तिथे शरम वाटली. "असं केलं की गोळा बाहेर सरकतो," ती म्हणाली. "पट्ट्याने जे करायचं ते तुम्ही रोज उलटं करत होता. तुम्ही बोलला नसतात तर मी चुकीचं लिहिलं असतं, आणि पुढच्या बाळांचं काही अंशी त्यावर ठरलं असतं. हिला आपण आणखी तीन आठवडे पट्टा देऊन बघू. खरा."

तिने ती वही फाडली नाही. मला विचारून विचारून बाजूला लिहिलं, कधी सोडला, किती वेळ. घरी नियम मोडतात हेही अभ्यासात लागतं, म्हणाली. फाडली असती तर मला बरं वाटलं असतं.

सुनेने बिनपगारी रजा घेतली. तीन आठवडे तिने मला पोराला हात लावू दिला नाही. मी पाणी तापवून द्यायची आणि बाजूला व्हायची. सांधा बसला नाही.

मग भूल आणि प्लास्टर, छातीपासून पायांपर्यंत. मध्ये एकदा बदललं, पुन्हा घातलं. आमच्याकडचा मे महिना, समुद्राकडची दमट हवा. पोर आत घामाने भिजायचं, प्लास्टरला मुताचा वास सुटायचा, खाज सुटली की ती डोकं आपटायची. सून तिला कडेवर घेऊ शकत नव्हती, फळीसारखी उचलावी लागायची.

सुनेने डॉक्टरणीला एकदा माझ्यासमोर विचारलं, "ह्यांनी पट्टा काढला नसता तर बसला असता का?"

"सांगता येत नाही," डॉक्टरीण म्हणाली. "काहींचा नियम पाळूनही बसत नाही."

सुनेने पहिलं वाक्य ऐकलं, मी दुसरं. काही दिवस ते मला पुरलं. मग वाडीतली एक बाई प्लास्टर बघायला आली. ती लहानपणापासून लंगडते. तिलाही मीच न्हाऊ घातलं होतं. तिने प्लास्टरवरून हात फिरवला आणि मला विचारलं, "हेच्यान पाय सरळ पडतलो मां?" मी म्हटलं, डॉक्टरीण तसां सांगता. बाकी मी काही सांगितलं नाही, अजूनही सांगितलेलं नाही. तिचा पाय माझ्यामुळे तसा झाला की मुळातच तसा होता, हे आता कोणीच सांगू शकत नाही. पण त्या दिवसानंतर दुसऱ्या वाक्याचा मला उपयोग राहिला नाही.

मी न्हाऊ घालणं बंद केलं. कोणी बोलावलं तर जाते, पण पाय ओढायचे नाहीत आणि जुळवून बांधायचे नाहीत, एवढं सांगून परत येते. काहीजणी ऐकतात. काही म्हणतात, म्हातारी भ्रमली.

नात पावणेदोन वर्षांची झाल्यावर चालली. आता शाळेत जाते. धावून दमली की डावा पाय किंचित ओढते. खुब्याचा एक्स-रे वाढ पुरी होईपर्यंत मधून मधून काढायचा आहे. तो अभ्यास अजून संपलेला नाही, आमची वही त्यात आहे.

शेजारीण नात उभी राहायच्या आधीच वारली. तिच्या कमरेला लाथ मिळाली नाही. नात, तिची आई आणि मी, आम्ही तिघी आहोत. एकाच घरात राहतो.