उत्तरेकडचं गाव

शेजारचे कोरियन किमसाहेब सकाळीच दारात. "काका, उत्तर दिशा कोणती?" मी त्यांना सोसायटीच्या गच्चीवर नेऊन दाखवली. त्यांनी फळांचं ताट मांडलं, गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावलं.

"आमच्या कुळाचं मूळ गाव उत्तरेला, सीमेपलीकडच्या उत्तर कोरियात. सणाला सगळे असाच नमस्कार करतो."

"कसं आहे गाव?"

"वडिलांनीही पाहिलं नाही. जाऊ देत नाहीत."

आपलंही कुलदैवत लांब असतं. पण एसटी तरी जाते!

खाली येऊन नातीच्या नकाशात पाहिलं. ते गाव त्यांच्या कोरियातल्या घरापासून उत्तरेला. इथून मात्र पार पूर्वेकडे. सांगायला पुन्हा जिने चढलो. ते अजून वाकलेलेच होते. मी तसाच परतलो. दिशा बरोबर असती, तरी वाट कुठे होती?