दादाच्या फायलीतलं आमचं घर

घरात कोणी फौजी असला की किस्से जमतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण दादानं सीमेवरचे किस्से फार सांगितले नाहीत. आमच्याकडे जमले ते त्याच्या कागदांचे. पौडला चहाला बसलो की पोरं म्हणतात, "तो फोटोचा सांग," "तो म्हातारीचा सांग." सांगून सांगून तोंड दुखलं, म्हणून लिहून काढतोय. मी आठवी नापास आहे, जसं जमलं तसं वाचा.

आधी मूळ गोंधळ. वडील गेले तेव्हा मी रांगत होतो. दादा लगेच पुढच्या भरतीत लागला. घरी कोण कोण, असं विचारल्यावर त्यानं सांगितलं, आई आणि धाकटा भाऊ. लग्न त्यानं बऱ्याच वर्षांनी केलं. त्याची नोंद वरती पाठवली, ती वाटेत कुठंतरी राहिली. पुढं दादा हवालदार होऊन रिटायर झाला आणि कोणीतरी त्याची फाइल कॉम्प्युटरवर चढवली. जुन्या कागदावर नात्याचा रकाना पुसट झाला होता. चढवणाऱ्यानं बघितलं, फौजीच्या घरात एक बाई आणि एक पोरगं. त्यानं स्वतःचं डोकं चालवलं. बाई म्हणजे बायको आणि पोरगं म्हणजे मुलगा.

म्हणजे सरकारदरबारी आई दादाची बायको, मी दादाचा मुलगा आणि वहिनी कोणीच नाही. दादा-वहिनीला मूलबाळ नाही. दादाच्या किडन्या गेल्यावर त्याला एकच घोर लागला, माझ्यामागं हिचं नाव कुठंच नाही. कागद दुरुस्त झाला नसता तर वहिनी त्याची विधवासुद्धा ठरली नसती.

दादा गेल्या दिवाळीनंतर गेला. कागद तेव्हाही तसाच होता.

* * *

चूक कळली त्या दिवशी वहिनी भाकरी थापत होती. दादानं कागद मोठ्यानं वाचला. आई उठली, वडिलांच्या फोटोपुढं जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ऐकलं का, तुमी गेला आन् सरकारनं माजं दुसरं लावून दिलं."

वहिनीनं परात आईकडं सरकवली. "मग घ्या आत्या. आजपासनं भाकरी तुमी थापा. नवरा तुमचा हाय."

आईनं परात परत ढकलली. "ऱ्हाऊ दे बाई. मी ह्याला ल्हानपणी सांबाळलाय. आता तुजी पाळी."

दादा दोघींकडं बघून म्हणाला, "मला कुनी इचारनार हाय का न्हाई?"

"न्हाई," दोघी एकदम म्हणाल्या.

* * *

आमचा तालुका मुळशी, पण कचेरी पौडला. भरतीच्या वेळी दादाला विचारलं, "तालुक्याच्या कामाला कुठं जाता?" दादा म्हणाला, "पौडला." झालं. फाइलीत तालुका पौड.

पुण्याला माजी सैनिकांच्या ऑफिसात आमची फाइल एका क्लार्ककडं होती. तो म्हणाला, "पौड नावाचा तालुका नाही असा दाखला आणा."

मी तलाठी भाऊसाहेबांकडं गेलो. ते म्हणाले, "अरे, जे आहे त्याचा दाखला देता येतो. जे नाही त्याचा कसा देऊ?"

मी परत पुण्याला. क्लार्कनं विचार केला. "मग पौड तालुका आहे असा दाखला आणा. म्हणजे फाइल बरोबरच ठरेल. दुरुस्तीच नको."

माझ्याशेजारी भूगावचा एक प्लॉटिंगवाला आपल्या कामाला बसला होता. तो कानाशी येऊन म्हणाला, "नवा तालुका करायचाच आसंल तर भूगाव करा. रेट वाढंल."

शेवटी सरपंचांनी गावाच्या नावाखाली 'तालुका मुळशी' घालून, दोन शिक्के मारून एक कागद दिला. तो कसा चालला ते मला अजून कळलेलं नाही.

* * *

आता फोटोचा.

लग्नाचा पुरावा पाहिजे होता. दादाच्या लग्नातला एकच फोटो धड होता, तोही अक्षता पडतानाचा. क्लार्कनं तो नाकाशी धरून बघितला. "मुंडावळ्यांमुळं चेहरे दिसत नाहीत. चेहरे दिसतील असा आणा."

तोवर दादाचं डायलिसिस सुरू झालं होतं. तसाच त्याला घेऊन पिरंगुटच्या स्टुडिओत गेलो. वहिनी लग्नातला शालू नेसली. दादाचा ब्लेझर त्याच्या अंगात लोंबत होता, म्हणून फोटोवाल्यानं पाठीमागून कपड्याचे चिमटे लावले. पुढून दादा एकदम परेडला निघाल्यासारखा, मागून वाळत घातल्यासारखा.

क्लार्कनं नवा फोटो बघितला. "हा लग्नाचा कसा मानायचा? मुंडावळ्या कुठं आहेत?"

मी टेबलावर हात आपटला. पुढं काय केलं असतं ते मलाच माहीत नाही. दादानं माझा दंड धरला आणि क्लार्कला शांतपणे म्हणाला, "साहेब, परत लग्न करतो. अंतरपाट धरायला तुमी या."

बाहेर आल्यावर वहिनी दादाला म्हणाली, "परत करायचं का न्हाई ते मी ठरवनार. पयल्या खेपेला मला कुनी इचारलं न्हवतं."

* * *

दादा गेला. तेरावं झाल्यावर मी मृत्यूचा दाखला घेऊन ऑफिसात गेलो. क्लार्कनं मान वर केली नाही. "दोन अर्जांवरच्या सह्या वेगळ्या दिसतात. अर्जदाराला समक्ष आणा."

"दाखला जोडलाय. बघा की."

"दाखला नंतर. आधी समक्ष."

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरचा दादाचा फोटो काढला. मित्राच्या मोटरसायकलवर मागं बसलो आणि फोटो पोटाशी धरून चांदणी चौकातून पुण्यात नेला. क्लार्कच्या टेबलावर उभा केला.

"आणला समक्ष. इचारा काय इचारायचं ते."

सगळं ऑफिस खुर्च्या वळवून बघायला लागलं. कोणीतरी पंख्याचं बटण बंद केलं, का ते देव जाणे. क्लार्कनं फोटो बघितला, फाइल बघितली, परत फोटो बघितला. मला वाटलं, आता हा माणूस उभा राहील.

तो म्हणाला, "हार जरा बाजूला करा. चेहरा झाकला जातोय."

* * *

म्हातारीचा किस्सा छोटा आहे. आईला प्रतिज्ञापत्र करायचं होतं, की मी मयताची पत्नी नसून आई आहे. वकिलानं वाचून दाखवलं आणि विचारलं, "आजी, हे स्वखुशीनं देताय ना? कोणाचा दबाव नाही ना?"

आईनं शाईत अंगठा बुडवला. "दबाव कसला, बाबा. सरकारनं दिल्याला नवरा, सरकारला परत."

वकील हसला, त्याचा टायपिस्ट हसला, मीपण हसलो. बाहेर येऊन आई पायरीवर बसली आणि पदरानं अंगठा पुसायला लागली. शाई गेली तरी पुसत होती. शेवटी मीच म्हणालो, "चल आता, एसटी जाईल."

* * *

गेल्या आठवड्यात कागद आला. पत्नी म्हणून वहिनीचं नाव, आई म्हणून आईचं. वहिनीनं तो मला तीनदा वाचायला लावला आणि दादाच्या ट्रंकेत, त्याच्या त्या ब्लेझरखाली ठेवून दिला.

लगेच क्लार्कचा फोन. "तुमची एक नोंद राहिली. तुम्ही अजून मुलगाच आहात. एक सही करून जा, काढून टाकतो."

मी गेलेलो नाही. पोरं विचारतात, "एवढे हेलपाटे घातले, एका सहीनं काय होतंय?" त्यांना मी हा किस्सा सांगतो.

अगदी पहिल्यांदा अर्ज द्यायला गेलो होतो तेव्हाचा. दादा तेव्हा स्वतःच्या पायानं जिना चढला होता. क्लार्क एकेक नोंद विचारत होता आणि समोर खूण करत होता.

"तालुका?"

"चूक," दादा म्हणाला.

"पत्नी?"

"चूक."

"मुलगा?"

दादा काही बोलेना. मला वाटलं त्याला धाप लागली. मीच म्हणालो, "चूक. मी भाऊ हाय ह्यांचा."

"तू गप बस," दादा म्हणाला. मग क्लार्कला म्हणाला, "ती ऱ्हाऊ द्या."

क्लार्कनं पेन खाली ठेवलं. "अहो हवालदार, बायको चूक आणि मुलगा बरोबर, असं कसं होईल?"

दादानं माझ्याकडं बघितलं नाही. डोक्यावरची टोपी सरळ केली.

"साहेब, एवढ्या नोंदी केल्या तुमी. एखादी चुकून बरोबर लागली आसंल."