भिवराबाईचा दुधाचा फेरा

आमच्या खामटाकळीहून निघून सिंदफणेच्या दोन्ही काठांनी परत गावात येणारा रस्ता सायकलला सोपा आहे. चढ म्हणावा असा कुठे नाही. आधी कालव्याच्या कडेने लिंबेवाडी. मग खाली फरशी पूल. पलीकडे सुंदररावांचा मळा, तिथून बाभळींतून डांबरी सडक, सडकेवर दूध शीतकरण केंद्र, आणि सडकेनेच नदी पुन्हा ओलांडून घर.

भिवराबाई रोज सकाळी हा फेरा करायची. साडीवर नवऱ्याचा शर्ट, कॅरियरला दोन्ही अंगांनी दुधाचे कॅन.

सायकल ती पस्तिशीत शिकली. त्याआधी बारा वर्षं नवऱ्याबरोबर, सटवाबरोबर, ऊस तोडायला जात होती. थोरली मुलगी उसाच्या फडातच झाली. मग गावातल्या बायकांनी स्वतःची दूध संस्था काढली. दूध केंद्रावर नेणारा गडी चार दिवसांआड रुसायचा. बायकांनी त्याला काढलं आणि भिवराबाईला सायकलवर बसवलं. ती कोरड्या कालव्यात पडली तेव्हा सगळ्या काठावर उभ्या राहून हसत होत्या.

"अगं, म्हशीवर बस," शेजारची दगडाबाई ओरडली. "ती तरी पाडायची न्हाई."

संस्था फेऱ्याचे पैसे द्यायची, त्यामुळे तिची ऊसतोड सुटली. तोडीचं काम जोडीने मिळतं. नवरा-बायको मिळून एक कोयता. बायको नसेल तर नवरा अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम सहसा घेत नाही. म्हणून सटवाही गावात राहिला, मिळेल ती मजुरी करू लागला. मुलं शाळेत गेली.

"कॅन चालला तर आमी घरी," भिवराबाई म्हणायची. "कॅन थांबला की तोडीचा ट्रक दारात."

मी अंबाजोगाईहून मराठीत एम. ए. करून परतले होते. नोकरी नव्हती. सकाळी तिच्यामागे सायकल काढायचे. आमच्यात वीस वर्षांचं अंतर होतं, पण गावात मला बोलायला तीच होती.

"पुस्तकात नदी कशी असती गं?" एकदा तिने पुलावर विचारलं.

"वाहती."

"मंग लिहिणारा हिकडं आलता कशाला!"

दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी नदीत वाळूसुद्धा उरली नाही. ती ट्रॅक्टरवाल्यांनी नेली. जनावरं चारा छावणीत गेली, तिथे आटली. भिवराबाईची गाय सटवाने नेकनूरच्या बाजारात विकली. लिंबेवाडीत अख्ख्या आळीत मिळून तांब्याभर दूध निघायचं. तरी ती प्रत्येक दारापुढे घंटी वाजवायची. दारातली बाई मान हलवायची. ही पुढे जायची.

"वाजवतेस कशाला, मावशी?"

"न वाजवता गेले तर त्यांला वाटंल आपल्याला काढलं."

केंद्रावरच्या कारकुनाने सांगून टाकलं. इतक्याशा दुधासाठी संस्था चालू ठेवता येणार नाही. महिनाभर असंच राहिलं तर नाव कमी करू. त्या दिवशी परतताना ती सायकलवर बसलीच नाही. हातात धरून चालत आली.

दोन दिवसांनी फरशी पुलावर सुंदरराव मोटारसायकल लावून उभे होते. गावचं राजकारण त्यांच्याकडे. मळ्यात खोल बोअर, हिरवा चारा, संकरित गाई. त्यांच्या घरातल्या सुना, भावजया, पुतण्यांच्या बायका पहिल्यापासून संस्थेच्या सभासद होत्या. दूध मात्र त्यांनी कधी घातलं नव्हतं. ते बीडच्या खासगी डेअरीला जायचं.

"कॅन लई हलका दिसतोय, भिवराबाई."

"दुष्काळ हाय, आण्णा."

"आमच्याकडचं नेत जा. सगळ्या जणींच्या नावानं थोडं थोडं. बायकांची संस्था जगली पायजे."

तिने हात जोडले. तिचे डोळे भरून आले होते. माझेही.

दगडाबाईला सांगितलं तेव्हा ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने सुपातून मान वर केली नाही.

"कावून देतोय त्यो? बीडला भाव जास्त हाय."

"माणसाला कधी बरं सुचूच ने का?"

"सुचावं की. पर सुंदररावाला?"

"तुझं तोंडच वंगाळ," भिवराबाई म्हणाली आणि हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

तो सगळा उन्हाळा तिने मळ्यातलं दूध ओढलं. पुलापर्यंत सायकल हलकी, मळ्यापासून जड. बाभळींतल्या वाटेवर मी मागून कॅरियर ढकलायचे. केंद्रावर कॅन भरलेले पोचायचे. संस्थेचं नाव राहिलं. पुढच्या हंगामातही भिवराबाई घरीच राहणार, असं आम्ही धरून चाललो.

पाऊस पडला. पोळ्यानंतर संस्थेची निवडणूक लागली. मारुतीच्या सभामंडपात सभा भरली. तालुक्याहून साहेब आले. त्यांनी नियम वाचला. वर्षात ठरलेले दिवस ज्या सभासदाने दूध घातलं असेल, तोच मत देणार, तोच उभा राहणार. मग त्यांनी नावं वाचली. सगळी नावं मळ्यातली होती.

ज्यांनी संस्था काढली त्या बायका एकमेकींकडे बघत होत्या.

भिवराबाई उठली. "सायेब, माझं नाव ऱ्हायलं."

"तुम्ही दूध घातलं का?"

"गाय इकली. पर वर्षभर दूध मीच आणलं. एक दिवस खाडा न्हाई. ह्या मळ्याचंबी मीच आणलं."

"आणणाऱ्याचं नाव लागत नसतं, बाई. घालणाऱ्याचं लागतं."

साहेब वाईट नव्हते. ते समजावून सांगत होते.

"आमची जनावरं दुष्काळानं आटली," दगडाबाई म्हणाली. "त्यो नियम दुष्काळाला वाचून दाखवा की."

मागून सुंदरराव म्हणाले, "दगडाबाई, कायदा हाय. आमी केला न्हाई."

"केला न्हाई, आण्णा. पर आमच्या आधी वाचला तुमी."

मी उभी राहिले. पुन्हा बसले.

सुंदररावांची सून विमलबाई बिनविरोध अध्यक्ष झाली. हार गळ्यात पडला तेव्हा ती खाली बघत होती. सुंदररावांनी सगळ्यांना चहा सांगितला. भिवराबाईनेही घेतला. कप विसळून ठेवला.

नव्या मंडळाचा पहिला ठराव दुधाला सायकलऐवजी टेम्पो लावण्याचा होता. टेम्पो येईपर्यंत आठवडा लागला. तोवर भिवराबाई फेरा करत राहिली.

"कशाला करतेस?" मी चिडून विचारलं.

"दूध नासतंय, पोरी. त्याचा काय गुन्हा?"

दसऱ्याआधी मुकादम सटवाकडे येऊन बसला. सटवाने होकार दिला. पुरा कोयता.

निघायच्या आदल्या सांजेला विमलबाई आली. दारातच उभी राहिली.

"मावशी, टेम्पोवाल्याला घरं ठाव न्हाईत. उद्या एक दिवस दाखवता का?"

मला वाटलं, भिवराबाई दार लावून घेईल. तिने होय म्हटलं.

सकाळी आम्ही दोघी टेम्पोच्या पुढच्या सीटवर बसलो. चालवणारा बंकट, माजलगावचा, विशीचा. भिवराबाई त्याला एकेक दार दाखवत होती. इथे हॉर्न हळू दे, म्हातारी आजारी आहे. कालव्याची ही कड खचली आहे, मधून चल. काही घरांत पुन्हा गाई आल्या होत्या. बायका तांबे घेऊन बाहेर आल्या, तिला टेम्पोत बघून दारातच थबकल्या. मळ्यात सगळ्यात जास्त वेळ लागला.

"लई सोपा रस्ता हाय की, मावशी," सडकेला लागताना बंकट म्हणाला. "डुलक्या घेत करंल कुणीबी."

"सोपाच हाय," ती म्हणाली.

केंद्रावर दूध उतरवून आम्ही गावात शिरलो. तिच्या दारात सटवा भांडीकुंडी पोत्यात भरत होता. बंकटने टेम्पो हळू केला.

"ह्या घरापशी थांबायचं का रोज?"

"न्हाई," भिवराबाई म्हणाली. "हितं दूध न्हाई. चल म्होरं."