मांडीने दिलेलं उत्तर

नव्वदच्या दशकात नाशिकच्या एका कॉलेजात मी तान्ह्या मुलांवरच्या अभ्यासात मदतनीस होते. बाळाला मांडीवर घेऊन आई मधोमध बसायची. पडद्यामागून कधी डावीकडे, कधी उजवीकडे खुळखुळा वाजायचा आणि बाळ कुठे वळतं ते मी पडद्याच्या भोकातून बघून लिहायचे. आईच्या कानांत मात्र वॉकमनची गाणी सक्तीची. तिला खुळखुळा ऐकू आला, तर तिची मांडी नकळत हलते आणि बाळ त्या हालचालीने वळतं. सातपूरच्या कामगारवस्तीतून आलेल्या आयांना हे मी मोठ्या तोऱ्यात समजावायचे.

माझी लेक पाच महिन्यांची झाली तशी अभ्यास चालवणाऱ्या मॅडम म्हणाल्या, "आता तुझीच आण की." मला धास्ती वाटली. निफाडच्या माझ्या सासूबाई चार बायकांत कौतुकाने सांगायच्या, "लय गुणाची हाय पोर. कुकरची शिट्टी झाली तरी उठत नाय."

चाचणीच्या दिवशी मी हेडफोन लावला, पण वॉकमन सुरूच केला नाही. मुद्दाम. खुळखुळा मला ऐकायचा होता, ती वळते का ते बघायचं होतं. लेक दर वेळी बरोबर वळली. मी घरी जाताना पेढे नेले. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

आठव्या महिन्यात दुसरी फेरी झाली. या वेळी वॉकमनचं बटण मॅडमनीच दाबलं. कानांत गाणं सुरू झालं आणि मला काही कळेना. वाजला का? कुठून? मी श्वास रोखून लेकीच्या मानेकडे बघत होते. एक गाणं संपलं, दुसरं लागलं. मान हललीच नाही.

मॅडम वही घेऊन बाहेर आल्या. "एकदाही नाही गं. मागच्या वेळी तर..." आणि त्यांची नजर वॉकमनवर गेली. मी खरं ते सांगून टाकलं. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

"म्हणजे तीन महिने फुकट गेले," एवढंच त्या म्हणाल्या आणि कानाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहून दिली.

रिक्षात लेक मांडीवर होती. मी उजवा गुडघा जरासा हलवला. तिने लगेच उजवीकडे बघितलं आणि माझ्याकडे वळून हसली.