पाया तीन फूट

इमारतींची एस्टिमेटं करणाऱ्या ऑफिसात विटांपेक्षा किस्से जास्त साचतात. विटा निदान कुठेतरी बांधकामाला लागतात, किस्से पडूनच राहतात.

माझा पहिला किस्सा पहिल्याच दिवशीचा. अमरावतीहून डिप्लोमा घेऊन मी खामगावात भाऊसाहेबांच्या ऑफिसात लागले. गावोगावच्या इमारतींचे नकाशे आणि खर्चाचे अंदाज भाऊसाहेब करून देत, आणि मोजमापं काढत नानाजी. वयानं माझ्या आजोबांएवढे, आणि हट्टानं त्यांच्याहून मोठे! मी खुर्चीवर टेकायच्या आत त्यांनी बजावलं, “पाया तीन फूट धरायचा. काऊन, ते इचारायचं नाई.”

“पण जमीन कशी आहे ते बघून...”

“जमीन जमिनीसारखीच असते, पोरी!”

समोर देऊळघाटच्या नव्या शाळेचा नकाशा होता. मोजमाप मला काढायचं होतं, आणि जागा काळ्या मातीची. ही माती पावसात फुगते, उन्हात आटते आणि वरची भिंत फाडते. कॉलेजात पहिल्याच वर्षी शिकवतात हे. नानाजींना कोण शिकवणार?

*

भिंतींचं बांधकाम मोजताना नानाजी दारं-खिडक्या वजा करत नसत. लांबी, उंची, जाडी, गुणाकार, झालं! मी विचारलं, “या हिशेबानं घर बांधलं तर आत शिरायचं कुठून?”

भाऊसाहेब मान वर न करता म्हणाले, “पहिले काम तं मंजूर होऊ दे. मंग पाहू आत कसं जायचं ते!”

*

दोन भिंती मिळतात तिथला कोपरा नानाजी दोन्ही भिंतींत धरत. मी कागदावर चौकोन काढून दाखवला. “हा कोपरा दोनदा आला, नानाजी.”

“येऊ दे. कोपरा दोघींचा असते. एकीले देला तं दुसरी रुसते.”

“पण गवंडी तो एकदाच बांधतो ना?”

“म्हनूनच तं आपल्या कामावर कधी वीट कमी पडत नाई!”



*

त्या सुमारास फूट जाऊन मीटर येत होते. भाऊसाहेबांनी नवा टेप आणला. नानाजींनी टेप मान्य केला, मीटर नाही. एका पाटलांच्या बैठकीची लांबी पंधरा फूट. नव्या छापील कागदावर त्यांनी सरळ पंधरा लिहिले, आणि वर मीटर छापलेलं! विटांचा आकडा पाहून भाऊसाहेब ताडकन उठले.

“नानाजी, हे बैठक हाये का चिखली तालुका?”

नानाजी शांत. “बैठक तेवढीच हाये बाप्पा. कागद वाढला!”

*

खणलेली माती सुटी झाली की फुगते, म्हणून ती वाहून न्यायला गाड्या जास्त धराव्या लागतात. नानाजी धरत नसत. अमडापूरला एका शेतकऱ्याच्या गोदामाचा पाया खणला. ठरलेल्या सगळ्या गाड्या भरून गेल्या, तरी दारात ढीग तसाच. तो तणतणत ऑफिसात आला. “खड्डा तेवढाच, मंग एवढी माती आली कुठून?”

मी त्याला चांगलं समजावलं. त्यानं मन लावून ऐकलं आणि विचारलं, “असं हाये का ताई? मंग मी दरसाल वावर नांगरतो, ते काऊन वाढत नाई?”

कधी नव्हे ते नानाजी आणि मी एकाच गोष्टीवर हसलो.

*

देऊळघाटच्या जागेवर मी स्वतः गेले, खड्डा खणून घेतला. कंबरेपर्यंत खणलं तरी काळी मातीच. गळ्यापर्यंत खणलं तेव्हा कुठे घट्ट मुरूम लागला. पाया मुरमापर्यंत धरून मी सगळं मोजमाप काढलं आणि कागद भाऊसाहेबांपुढे ठेवला.

“एवढा खोल? पोरी, गावाची वर्गणी तेवढीच हाये. या पायात एक खोली जाईन.”

“जाऊ द्या. उरतील त्या उभ्या तरी राहतील.”

“माह्या तीन फुटावर आजवर किती शाळा झाल्या, इचार कोनालेही,” नानाजी म्हणाले.

“आणि अमडापूरच्या शाळेला भेग पडली ती?”

“ते तिच्या नशिबाची भेग!”

त्यांनी माझा आकडा खोडला, तीन फूट लिहिले आणि कागद माझ्याकडे सरकवला. मोजमाप माझ्या नावावर होतं, सही मलाच करायची होती.

“कर सही,” भाऊसाहेब म्हणाले. “गावची मानसं बाहेर बसली हायेत.”

“नाही करणार.”

“काऊन?” नानाजी कडाडले.

“नानाजी, तुमचं घर देऊळघाटलाच ना? तुमची नात पुढच्या वर्षी याच शाळेत पहिलीत बसणार. कोणत्या भिंतीपासून तिला लांब बसवायचं, तेवढं या कागदावर लिहून द्या. मग करते सही.”

नानाजींनी भाऊसाहेबांकडे पाहिलं. भाऊसाहेब खिडकीबाहेर बघू लागले. रस्त्यावरून कापसाची एक बैलगाडी चालली होती. ती जिनिंग कारखान्याच्या फाटकात शिरून दिसेनाशी झाली, तेव्हा नानाजींनी कागद आपल्याकडे ओढला आणि स्वतःचेच तीन फूट खोडले.