घागरीशी लग्न आणि नसलेलं कार्ड

माझी भाची काय काम करते हे मला कळायला लई दिवस लागले. जेऊरच्या माझ्या भावाची ही मुलगी. नोकरी पुण्यातल्या कंपनीत, पण बसते सोलापुरात, आमच्या भवानी पेठेतल्या माडीवर. कॉम्प्युटरमध्ये चित्रं रंगवणारं जे कार्ड असतं, त्याचे ड्रायव्हर ती तपासते. ड्रायव्हर म्हणजे गाडीचा नव्हे बरं का. कॉम्प्युटर आणि कार्ड यांच्यातला निरोप्या. आणि पडद्यावरच्या कोणत्या ठिपक्याला कोणता रंग द्यायचा हे सांगणारा छोटा प्रोग्रॅम म्हणजे शेडर. त्याचं कार्डाला कळेल अशा भाषेत भाषांतर करतो तो कंपायलर. माझी शाळा चौथीपर्यंतच. पुढचं सगळं असं विचारून विचारून शिकलेलं, त्यामुळे चुकलं असेल तर तिला धरा.

मी म्हटलं, "दाखव की ते कार्ड."

"कार्ड नाहीये गं आत्या. अजून तयारच व्हायचंय. आमचा एक प्रोग्रॅम कार्डाचं सोंग घेतो. ड्रायव्हर विचारतो, कार्ड आहेस का? हा म्हणतो, हो, मीच ते. मग कंपायलर कामाला लागतो आणि त्याचं भाषांतर आम्ही तपासतो."

"आणि चित्र?"

"ते कसं उमटेल? काढणारं कुणी नाहीच की तिथं."

"म्हणजे पगार घेऊन भातुकली," मी म्हटलं. तिनं मला माडीवरून खाली पिटाळलं.

तर हिचं लग्न ठरत आलं होतं. मुलगा सोलापुरातलाच, कॉलेजात शिकवणारा. माझ्याकडचा चहा पीत पीत दोघांनी एकमेकांना पसंत केलेलं. वडील त्याचे निवृत्त मास्तर, पंचांगाशिवाय दाढीसुद्धा न करणारे. एका रविवारी मुलाला घेऊन आले आणि म्हणाले, "वैनी, मुलीला मंगळ आहे. आधी कुंभविवाह उरकून घ्या."

म्हणजे मुलीचं लग्न आधी मातीच्या घागरीशी लावायचं, मग घागर पाण्यात सोडायची. नवऱ्यावरचं संकट घागरीला, नवरा सुखरूप.

भाची म्हणाली, "मी घागरीशी लग्न करणार नाही. मोडलं तर मोडू दे."

मोडलेलं तिला अजिबात चालणार नव्हतं, हे मला माहीत होतं. विषय बदलावा म्हणून मी शहाणी तिच्या कामाचं कौतुक सांगत बसले. कार्ड नसतं, कार्डाचं सोंग असतं, वगैरे वगैरे.

मास्तरांचे डोळे चमकले. "मग! घागर म्हणजे तेच की! खऱ्या नवऱ्याआधी सोंगाच्या नवऱ्यावर चाचणी. कंपनीनं केलं की विज्ञान, आणि आमी केलं की अंधश्रद्धा व्हय?"

खोटं कशाला बोलू, मला पटलंच. चांगली घागर कुठल्या कुंभाराकडं मिळेल, इथपर्यंत मी पोचले होते.

भाची म्हणाली, "काका, त्या सोंगावर आम्ही कार्ड तपासत नाही, आमचं लिहिणं तपासतो. चूक निघाली तर ती आमची, आम्हीच दुरुस्त करतो. तुमची घागर काय तपासणार? बुडाली तर मी पास का नापास?"

"मंगळ जातो."

"गेला हे कसं कळणार?"

"नवरा जगतो की!"

"आणि घागरीशिवायच जगला तर?"

मास्तरांनी पोराकडं पाहिलं. तो इतका वेळ चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होता. म्हणाला, "बाबा, संकट माझ्यावर येणार ना? मग मीच लावतो लग्न घागरीशी."

"गाढवा, पुरुषाचं घागरीशी नसतं. रुईच्या झाडाशी असतं."

"मग रुई. कॉलेजच्या मागं रान माजलंय रुईचं. कुठली बघायची, सांगा."

"अरे, लोक हसतील की!"

मला राहवलं नाही. "मास्तर, पोरगी घागरीसमोर अक्षता झेलत उभी राहिली की लोक काय करतात?"

मास्तरांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाले, "बरं. घागर राहू द्या. पण मुहूर्त मी काढणार."

"काढा," भाची म्हणाली, "फक्त कार्ड येईल त्या आठवड्यात नको."

"म्हणजे नवऱ्यापेक्षा कार्ड मोठं?"

"तसं नाही काका. कार्ड मी अजून पाहिलंच नाहीये. हा तर रोज दिसतो."